रोगाचा हिशेब आणि जातीचा रकाना

माणूस रोगाने मरतो ही गोष्ट खरी. पण तो रोग त्यालाच का झाला, त्याच वयात का झाला आणि पलीकडच्या आळीत का झाला नाही, हे प्रश्न वैद्यकाच्या पुस्तकात फार उशिरा आले. आपल्याकडे तर प्रश्न विचारण्याआधीच उत्तर तयार होते. 'कर्म' हे ते उत्तर. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ह्या जुन्या उत्तराच्या जागी एक नवे, शास्त्रीय, आकड्यांनी भरलेले उत्तर येऊन बसले आहे. त्याचे नाव 'जोखीम घटक'. हे नवे उत्तर कर्मसिद्धान्तापेक्षा हजारपट चांगले आहे, हे मी आरंभीच मान्य करतो. परंतु त्यालाही इतिहास आहे. त्या इतिहासात आपली माणसे कोठे आहेत आणि कोठून गाळली गेली आहेत, हे तपासणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रॅमिंगहॅम नावाचे एक गाव आहे. १९४८ साली तेथील ५,२०९ स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली आणि कोणाला हृदयविकार होतो, कोणाला होत नाही, हे वर्षानुवर्षे नोंदले गेले. १९६१ साली त्या संशोधकांनी उच्च रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल अशा गोष्टींना जोखीम घटक म्हटले आणि तेथून हा शब्दप्रयोग रूढ झाला. फ्रॅमिंगहॅमचे हे नागरिक बहुतांशी गोरे आणि मध्यमवर्गीय. त्यांच्यापुरते पाहिले तर रोगाचे कारण माणसाच्या अंगात किंवा त्याच्या सवयीत शोधणे स्वाभाविकच होते. कारण घर, पाणी, पोटभर अन्न ह्या गोष्टी जवळजवळ सर्वांनाच मिळालेल्या होत्या. जे सर्वांना सारखेच मिळते ते कारण म्हणून दिसत नाही. पुढे हीच चौकट उचलून ज्या देशात पाणीसुद्धा सर्वांना सारखे मिळत नाही तेथे आणली गेली.

दुसरा टप्पा १९९३ चा. जागतिक बँकेच्या त्या वर्षीच्या विकास अहवालात प्रथमच साऱ्या जगाचा 'रोगभार' मोजून मांडला गेला. ख्रिस्तोफर मरे आणि अॅलन लोपेझ ह्या दोघांनी त्यासाठी 'डॅली' नावाचे माप घडवले. हे माप आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घ्यायला हवे, कारण आज सरकारी आरोग्य धोरणाची भाषा ह्याच मापाची आहे. माणूस अकाली मेला तर त्याची जितकी वर्षे बुडाली ती मोजायची. तो जगला पण आजारी वा अपंग होऊन जगला, तर त्या आजाराच्या तीव्रतेप्रमाणे त्या वर्षांचा काही अंश बुडाला असे धरायचे. दोन्हींची बेरीज म्हणजे हरवलेली निरोगी वर्षे. नंतर विचारायचे की अमुक एक घटक, समजा घाणेरडे पाणी, समाजात मुळीच नसता किंवा अगदी कमी असता, तर ह्यातली किती वर्षे वाचली असती? जेवढी वाचली असती तेवढा त्या घटकाचा वाटा. एकाच मृत्यूला दोन-तीन घटक मिळून कारण होतात, म्हणून ह्या वाट्यांची बेरीज शंभरावर जाऊ शकते. कुपोषित बालक गढूळ पाण्याने झालेल्या अतिसारात दगावले तर ते दोन्ही खात्यांत मोडते. जमाखर्च कळणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण त्यात चूक नाही; उलट हा ह्या पद्धतीचा प्रामाणिकपणा आहे.

अप्रामाणिकपणा दुसरीकडे होता. मूळच्या मापात सर्व वर्षांची किंमत एक नव्हती. पंचविशीच्या आसपासच्या वर्षाला अधिक वजन, तान्ह्या मुलाच्या आणि म्हाताऱ्याच्या वर्षाला कमी. म्हणजे कमावत्या हाताचे मोल जास्त. २०१० च्या मोजणीपासून हे वजन काढून टाकण्यात आले. माणसाचे एक वर्ष म्हणजे एक वर्ष, एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला जवळजवळ दोन दशके लागली, ह्याचे ज्यांना आश्चर्य वाटते त्यांनी आपल्याकडे एक माणूस म्हणजे एक माणूस हे मान्य व्हायला किती काळ लागतो आहे, ते पाहावे.

आता भारताचे आकडे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि तिच्या सहकारी संस्थांनी राज्यवार रोगभाराचा अभ्यास करून २०१७ साली तो प्रसिद्ध केला. १९९० साली देशाच्या एकूण रोगभारात संसर्गजन्य रोग, बाळंतपणातले व नवजात अर्भकांचे आजार आणि कुपोषण ह्यांचा मिळून वाटा ६१ टक्के होता. २०१६ साली तो ३३ टक्क्यांवर आला. ह्याच काळात हृदयविकार, मधुमेह, कर्करोग, श्वसनविकार अशा असंसर्गजन्य रोगांचा वाटा ३० वरून ५५ टक्क्यांवर गेला. जोखीम घटकांत २०१६ सालीही पहिला क्रमांक माता-बालकांच्या कुपोषणाचाच, १५ टक्के. घराबाहेरच्या हवेच्या प्रदूषणाचा वाटा ६ टक्के, घरातल्या चुलीच्या धुराचा ५ टक्के, असुरक्षित पाणी व अस्वच्छतेचा ५ टक्के. आहारदोष, रक्तदाब, रक्तशर्करा, कोलेस्टेरॉल आणि लठ्ठपणा ह्यांचा मिळून वाटा १९९० साली सुमारे १० टक्के होता, तो २५ टक्क्यांच्या घरात पोहोचला.

कुपोषण, चूल, पाणी, धूळ. ही यादी वाचताना मला ती रोगांची वाटत नाही, वस्तीची वाटते. गावकुसाबाहेर किंवा शहरातल्या नाल्याकाठी वाढलेल्या कोणालाही ती तशीच वाटेल. पण यादीत वस्ती नाही आणि जात तर नाहीच. घटक शेकड्याने मोजले गेले. हे घटक एकाच माणसाच्या पदरात एकत्र का पडतात, ह्यासाठी मात्र रकाना नाही.

रकान्याविषयी बोलतो आहे तर एका सरकारी कागदाविषयी सांगितले पाहिजे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याखाली महाराष्ट्रात २००० सालापासून वापरात आलेल्या मृत्यू अहवालाच्या नमुन्यात मृताचा धर्म विचारलेला आहे, व्यवसाय विचारलेला आहे. पुढे विचारले आहे की मृत व्यक्ती धूम्रपान करीत होती काय, किती वर्षे. तंबाखू खात होती काय, किती वर्षे. सुपारी वा पानमसाला, किती वर्षे. दारू, किती वर्षे. जात विचारलेली नाही. किती वर्षे उपाशी होती, किती वर्षे एका खोलीत सहा जण राहत होते, किती वर्षे सिमेंटची धूळ खात होती, हेही नाही. मेलेल्या माणसाच्या सवयींचा एवढा तपशीलवार पंचनामा आणि त्याच्या परिस्थितीविषयी एक शब्द नाही! हा नमुना फ्रॅमिंगहॅमच्या शाळेत शिकून आलेला आहे, हे उघड आहे.

मग जातीचा रकाना असता तर सारे ठीक झाले असते काय? इतिहास सांगतो की नाही. आपल्याकडे तो रकाना होता. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस ह्यांनी प्लेगचा रोगी ओळखला. तेथे बंदराजवळ धान्याची कोठारे होती आणि उंदीर होते. मुंबई नगरपालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांचे त्या काळचे अहवाल मृत्यूंची वर्गवारी जातवार देत. ब्राह्मण, भाटिया, लिंगायत, इतर हिंदू, आणि 'खालच्या जातीचे हिंदू'. रकाना भरला जात होता. तो वाचला कसा जात होता? खालच्या जातीत मृत्यू अधिक, तर त्याचे कारण त्यांच्या घाणेरड्या सवयी, असे. १८९८ साली मुंबईत शहर सुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या. पण पाडल्या तेवढ्या खोल्या बांधल्या नाहीत, आणि उठवलेली माणसे शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहू लागली. रोगाचा पत्ता बदलला. उंदरावरच्या पिसवांनी प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ ह्यांनी १८९८ सालीच मांडले होते. परंतु पिसू माणसाची जात विचारीत नसली तरी जमिनीवर कोण झोपते हे तिला चांगले कळते.

पुण्यात १८९७ साली रँड ह्यांच्या प्लेग समितीने घरोघरी घुसून झडत्या घेतल्या आणि २२ जून १८९७ रोजी दामोदर चापेकर व त्यांच्या बंधूंनी रँडवर हल्ला केला. चापेकर हे चिंचवडचे. त्यांच्या नावाचा चौक आणि त्यांची स्मारके आमच्या ह्याच परिसरात आहेत आणि शाळेतल्या प्रत्येक मुलाला ती कथा पाठ असते. सोवळ्यातल्या देवघरात गोरा सोजीर बूट घालून शिरला ह्या संतापाची नोंद इतिहासाने घेतली, आणि जुलूम होताच, तो मी नाकारीत नाही. पण त्याच साथीत, हडपसरजवळच्या माळावर डॉ. यशवंत फुले ह्यांचा दवाखाना चालू होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेगग्रस्त पोराला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून त्या दवाखान्यात आणले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या स्वतः प्लेगनेच गेल्या. ह्या दोन घटनांत तीन-साडेतीन महिन्यांचे अंतर आहे. एकीची गणना स्वातंत्र्याच्या इतिहासात झाली. दुसरी फुल्यांच्या चरित्राच्या शेवटच्या पानांवर पडून राहिली. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात तर तिला अद्याप जागा मिळालेली नाही. वास्तविक तिने दाखवलेला मार्ग साधा होता. रोगी कोणत्या वाड्यातला आहे हे ओळखायचे, ते त्याला दोष देण्यासाठी नव्हे, तर त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी.

मुंबईच्या गिरण्यांकडे वळतो, कारण जोखीम घटक जातीने कसा वाटून दिला जातो ह्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. गिरणीत विणकाम खात्याचा पगार चांगला. पण त्या खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण असे की धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि महाराच्या तोंडाचा धागा सवर्ण विणकराच्या तोंडाला लागला तर तो बाटणार! १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला. क्रांतीची भाषा बोलणाऱ्या संघटनांनाही तो अडचणीचाच वाटला. अस्पृश्य कामगार राहिले ते मुख्यतः रिंग खात्यात, सूतकताईत. ह्याची मजुरीची बाजू आपल्या लेखकांनी अनेकदा मांडली आहे. आरोग्याची बाजू मात्र मांडलेली मला फारशी आढळली नाही. कापसाच्या धुळीने फुप्फुसाचा जो विकार होतो त्याला बिसिनोसिस म्हणतात. सुटीनंतर कामावर आले की छाती आवळते, पुढे पुढे दम कायमचा लागतो. ही धूळ पिंजणीच्या खात्यात सर्वांत अधिक, त्याखालोखाल कताईत, आणि विणकामात कमी. म्हणजे थुंकीच्या विटाळाचा जो नियम होता तोच कोणाच्या छातीत किती कापूस जाईल हेही ठरवीत होता. धागा तोंडाने ओढण्याची ती पद्धत स्वतः रोगट होतीच. एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात जाई. सवर्ण विणकरांना क्षयाच्या जंतूचा विटाळ चालत होता.

त्याच गिरणगावातली दुसरी गोष्ट बाळगोळीची. कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्या पोराला अफूची गोळी चाटवीत, म्हणजे पोर निपचित पडून राही. डॉक्टर मंडळींनी, समाजसुधारकांनी ह्यावर पुष्कळ लिहिले. मातांचे अज्ञान हा त्यांचा निष्कर्ष. आता त्याच काळचा एक आकडा पाहा. १९२१ साली मुंबईत एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हजार जन्मांमागे आठशेहून अधिक अर्भके दगावल्याची नोंद आहे, आणि चार वा अधिक खोल्यांच्या घरांत सुमारे एकशे तेहतीस. पहिला आकडा फुगलेला आहे हे खरे. बाळंतपणाला बाया गावी जात, जन्म तिकडे नोंदला जाई आणि मृत्यू मुंबईत. पण कितीही वजावट केली तरी खोल्यांच्या संख्येबरोबर मृत्यू उतरत जातात हे झाकत नाही. अफू चाटवणारी बाई अज्ञानी होती असे मला वाटत नाही. दहा तासांची पाळी, पाळणाघर नाही, मजुरी बुडाली तर चूल नाही; ह्या सर्वांचा हिशेब करून तिने ती गोळी दिलेली असे. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी प्रश्नाचा रोख बदलला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा त्याचा खर्च समाजाने उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबई प्रांतात हा कायदा झाला. उपदेशाच्या जागी पगारी रजा आली.

मात्र ह्यावरून कोणी असे समजू नये की सवयी बदलण्याची भाषाच बाबासाहेबांना नामंजूर होती. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत त्यांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडा, असे निक्षून सांगितले. आजच्या परिभाषेत तो आहारातला जोखीम घटकच. पण त्या सांगण्याला जोडून काय होते? मेलेले ढोर ओढण्याचे वतनी काम नाकारणे होते, आणि परिषदेच्या अखेरीस तळ्यावर जाऊन पाणी पिणे होते. सवय, ती सवय लादणारी चाकरी आणि पाणी, तिन्ही गोष्टी एकाच परिषदेत. चवदार तळे नगरपालिकेने कागदोपत्री सर्वांना खुले केलेलेच होते. प्रत्यक्षात ओंजळभर पाण्यासाठी डोकी फुटली. पाणी व अस्वच्छतेचा वाटा ५ टक्के, असे जेव्हा आपण वाचतो तेव्हा ह्या ५ टक्क्यांत पाणवठ्यावरून हाकलण्याचा वाटा किती, हे कोणी वेगळे काढलेले नाही.

'जोखीम' हा शब्दच थोडा तपासण्यासारखा आहे. मराठीत व्यापारी जोखीम घेतो, सराफ जोखीम सांभाळतो. जो जोखीम घेतो त्याला नफ्याची आशा असते आणि नाही म्हणण्याची मुभा असते. आपल्या वाट्याला आलेली जोखीम वतनासारखी आली, बापाकडून पोराकडे.

माझी आई मशेरी लावीत असे. एका आरोग्य शिबिरात तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या कागदावर 'तंबाखू : होय' असे लिहिले आणि मशेरी सोडा म्हणून प्रेमाने सांगितले. सांगणे बरोबरच होते. परंतु ही मशेरी तिने सुगीत पहाटे कामाला जाताना भूक मरावी आणि दाढेची कळ थांबावी म्हणून धरली होती, हे त्या कागदावर लिहायला जागा नव्हती. बाळगोळी आणि मशेरी ह्या सख्ख्या बहिणी आहेत.

आता आमच्या भागाविषयी. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही केंद्र सरकारची कंपनी उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ह्यांची मदत तिला होती. पेनिसिलीन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसीन येथे तयार होऊ लागले. ह्या औद्योगिक पट्ट्याचा आरंभच एका अर्थाने औषधाच्या कारखान्यापासून झाला, ह्याचा मला अभिमान वाटतो. खासगी नफ्यासाठी नव्हे तर देशातल्या गरिबाला परवडेल असे औषध काढण्यासाठी तो कारखाना होता. त्याच वर्षी, २५ डिसेंबर १९५४ रोजी, येथून जवळच देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. तेथल्या आणि खडकीच्या लष्करी कारखान्यांतून, डेपोंतून राबणारी आपली माणसे त्या दिवशी जमली होती.

पण औषधाने क्षय हटला काय? इंग्लंडचा अनुभव असा की स्ट्रेप्टोमायसीन येण्याआधीच तेथील क्षयमृत्यू फार मोठ्या प्रमाणात उतरले होते. थॉमस मॅकिऑन ह्यांनी त्याचे श्रेय मुख्यतः सुधारलेल्या अन्नाला दिले. त्यावर वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. आपल्याकडचा पुरावा अलीकडचा आहे. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ ह्या काळात क्षयरोग्यांच्या घरातील दहा हजारांवर माणसांचा अभ्यास झाला. काही घरांतील सर्वांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वे दिली गेली. त्या घरांत नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. तांदूळ आणि डाळ! २०१८ पासून केंद्र सरकार क्षयरोग्याला पोषणासाठी महिना ५०० रुपये देऊ लागले; २०२४ च्या नोव्हेंबरात ते १,००० झाले. ते रोग्याला मिळतात. रोगी होण्याच्या आधी जो उपाशी असतो तो अजून रांगेत उभा आहे.

वाकड हे मुळेकाठचे गाव. म्हातोबाचे देऊळ, ऊस-भाजीपाल्याची शेती, भावकीच्या वस्त्या. १९९७ च्या हद्दवाढीनंतर ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचा भाग झाले आणि शेजारी हिंजवडीत संगणक उद्यान आले. पंचवीस वर्षांत शेताचे मजले झाले. बावीस मजल्यांच्या गृहसंकुलात राहणाऱ्या तरुणाचा रोगभार निराळा आहे: बैठे काम, रक्तशर्करा, रक्तदाब, वाहनांचा धूर. त्याच्यासाठी जिम आहे, आहारतज्ज्ञ आहे, कंपनीचा विमा आहे. हे मजले ज्यांनी चढवले ते मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-झारखंडातून आलेले मजूर. ते पत्र्याच्या खोल्यांच्या कामगार वसाहतीत राहतात आणि इमारत पुरी झाली की वसाहत उठते. काळाखडकसारख्या झोपडपट्टीतल्या बाया त्याच मजल्यांवर धुणीभांडी करायला जातात. २०१९ च्या नोव्हेंबरात शहरात दिवसाआड पाणी सुरू झाले तेव्हा संकुलांनी टँकर मागवले. पत्र्याच्या खोलीत साठवायला पिंपही एकच असते. रेडीमिक्स काँक्रीटच्या प्रकल्पांची धूळ बाल्कनीत येते म्हणून रहिवाशांनी तक्रारी केल्या. तक्रारी न्याय्य आहेत. पण बाल्कनीपर्यंत जी धूळ पातळ होऊन पोहोचते ती मिक्सरच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात घट्टच जाते. तो तक्रार कोणाकडे करणार? बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला. त्यात पिण्याचे पाणी, संडास, राहण्याची सोय, पन्नासहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर, सारे लिहिलेले होते. १९२९ ते १९९६, कायद्यात पाळणाघर आले. साइटवर वाळूच्या ढिगाऱ्यावर पोरे खेळतात ती सगळ्यांनी पाहिलेली आहेत.

येथे एक आक्षेप हटकून येतो. प्राध्यापक मित्रांच्या बैठकीत मी तो अनेकदा ऐकला आहे. हे सारे गरिबीचे परिणाम आहेत, जातीचे नव्हेत. गरिबी हटली की जात आपोआप गळून पडेल. ह्याला आता आकड्यांनी उत्तर देता येते. इंग्लंडात १९६७ पासून व्हाइटहॉलच्या सरकारी नोकरांचा अभ्यास झाला. उपाशी त्यांच्यात कोणीच नव्हते, तरी खालच्या श्रेणीचा नोकर वरच्या श्रेणीच्या नोकरापेक्षा अधिक मरत होता, आणि धूम्रपान, रक्तदाब वगैरे ओळखीचे घटक हिशेबात घेतले तरी ह्या फरकाचा अर्ध्यापेक्षा कमी भाग उलगडत होता. आपल्याकडे नऊ राज्यांतील २०१०-११ च्या सुमाराच्या माहितीवरून संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता ह्यांनी २०२२ साली जे मांडले ते असे: उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे आयुर्मान चार वर्षांहून अधिक, दलितांचे तीन वर्षांहून अधिक आणि मुसलमानांचे सुमारे एक वर्षाने कमी आहे, आणि आर्थिक स्थितीचा फरक वजा केला तरी ही दरी अर्ध्याहून अधिक शिल्लक राहते. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नाही. म्हणून आपल्याकडे असे नाही असा अर्थ कोणी काढील तर तो काढण्यापूर्वी त्याने महाराष्ट्राची मोजणी करून दाखवावी.

एक आकडा मात्र आपल्या कार्यकर्त्यांनी जपून वापरावा. दलित स्त्री सवर्ण स्त्रीपेक्षा साडेचौदा वर्षे आधी मरते, असे संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या एका अहवालाच्या आधारे भाषणांतून सांगितले जाते. तो आकडा मृत स्त्रियांच्या सरासरी वयाचा आहे, ३९.५ आणि ५४.१. ज्या समाजात मुलांची संख्या अधिक आणि जन्मल्या जन्मल्या दगावणारीही अधिक, तेथे ही सरासरी खाली येते. आयुर्मान म्हणजे ती नव्हे. तीन वर्षांचा आकडा लहान वाटतो पण तो कोर्टात, विधिमंडळात, कोठेही टिकतो. आपला पक्ष खरा आहे; त्याला फुगवट्याची गरज नाही.

गटारसफाईकडे अखेरीस येतो. हाताने मैला साफ करवण्याविरुद्ध १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला दुसरा झाला. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख द्या असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ ला सांगितले, आणि ऑक्टोबर २०२३ ला ती रक्कम तीस लाख केली. २०२४ साली केंद्र सरकारच्याच पाहणीत गटारे व सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांची नोंद झाली होती. त्यांतील सुमारे ६९ टक्के अनुसूचित जातींचे, आणि आदिवासी व इतर मागास धरले तर ९२ टक्के. एवढा स्पष्ट जातीचा ठसा असलेला दुसरा आरोग्याचा आकडा सरकारने दिल्याचे मला स्मरत नाही. पण ही जिवंत माणसांची यादी आहे. गटारात गुदमरून मेला त्याची बातमी तरी होते. पंचावन्नाव्या वर्षी कावीळ होऊन, दम लागून घरी मेला तो ह्या कामाच्या खात्यात लिहिला जात नाही. रोगभाराच्या तक्त्यात तो यकृताच्या किंवा श्वसनाच्या रोगात जातो, आणि नमुन्यात विचारले आहे म्हणून त्याची दारूची वर्षे मात्र बिनचूक लिहिली जातात.

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने पुढील जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय जाहीर केला. किती माणसे कोणत्या जातीची, हे त्यातून कळेल. ती किती वर्षे जगतात हे कळण्यासाठी मृत्यूची नोंदच बदलावी लागेल, आणि ती मागणी आपल्या संघटनांनी आताच पुढे रेटली पाहिजे. तोवर एक काम आपल्या हातात आहे. गेल्या वर्षी एका नातेवाइकाच्या मृत्यूची नोंद करायला मी गेलो होतो. आयुष्यभर ठेकेदाराकडे ड्रेनेजवर काम केलेला माणूस. व्यवसायाच्या रकान्यात कारकुनाने 'मजुरी' लिहिले. मी त्याला थांबवून 'गटारसफाई, ठेकेदारी, २६ वर्षे' असे लिहायला सांगितले. एवढे सारे मावत नाही, तो म्हणाला. बारीक अक्षरात लिहा म्हटले. त्याने लिहिले. आमच्या महाविद्यालयातल्या दहा-बारा विद्यार्थ्यांनी आता आपापल्या वस्तीत मयतीनंतर घरच्यांबरोबर नोंदणीला जायचे ठरवले आहे. कचरा, बांधकाम, रेडीमिक्स, घरकाम, जे असेल ते वर्षांसह लिहून घ्यायचे आणि त्याची एक प्रत वहीत उतरवायची. वहीत त्यांनी जातीचा रकाना स्वतःच आखला आहे.